धर्मकाटा आणि नामपट्टी

इंदूरहून देवासकडे जाताना रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी 'धर्मकाँटा' अशी पाटी दिसते. महाराष्ट्रात ज्याला वजनकाटा किंवा भुईकाटा म्हणतात त्याचेच हे उत्तरेकडचे नाव. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या आपण मराठी माणसांनी त्यातला अनुस्वार तेवढा पुसून तो शब्द आपल्या बोलण्यात घेतला आहे, आणि तो घेण्यासारखाच आहे. विकणाऱ्याचा काटा विकणाऱ्याकडे झुकतो, घेणाऱ्याचा घेणाऱ्याकडे. म्हणून दोघांचाही नसलेला एक तिसरा काटा लागतो. तिथे ट्रक उभा करायचा, तारीख, वेळ आणि आकडा छापलेली पावती घ्यायची, आणि तो आकडा दोघांनीही निमूटपणे मान्य करायचा. 'धर्म' हा शब्द त्या यंत्राला मिळाला तो त्याच्या या तिऱ्हाईतपणामुळे असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

वजनासाठी असा तिऱ्हाईत काटा असतो. वस्तूच्या नावासाठी असतो काय? प्रश्न थोडा विचित्र वाटेल. पण अलीकडे एका जुन्या ट्रॅक्टरच्या निमित्ताने तो माझ्यासमोर अगदी व्यवहारी रूपात आला, आणि ज्याला आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गातला पोरखेळ समजतो तो प्रश्न एखाद्या कुटुंबाच्या लाख-दीड लाख रुपयांशी कसा भिडतो, हे पाहायला मिळाले.

देवासजवळ शेती असलेल्या एका परिचित मराठी कुटुंबाच्या खळ्यालगत, पत्र्याच्या छपराखाली, एक करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर कित्येक वर्षे उभा आहे. घरात त्याला 'फर्गूसन' म्हणतात. आजोबांनी तो कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. आता वाटण्या व्हायच्या आहेत, घरातल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे, आणि ट्रॅक्टरला दोन गिऱ्हाइके आली आहेत. एक भंगारवाला, तो किलोच्या भावाने पैसे देणार. दुसरे जुनी वाहने जमवणारे एक सद्‌गृहस्थ. ते त्याच्या कितीतरी पट देणार, पण हा नेमका कोणता मॉडेल आणि कोणत्या सालचा हे पक्के झाले तर. ट्रॅक्टरवरची क्रमांकाची पट्टी मात्र जागेवर नाही. दोन स्क्रूंची भोके तेवढी आहेत. म्हणजे एका गिऱ्हाइकाला वजन हवे, दुसऱ्याला नाव. मी यंत्रातला जाणकार नाही. आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेले. पण इंग्रजी पुस्तिका वाचून द्यायला घरच्या पुतण्याने मला बोलावले आणि मी त्यात गुंतलो.

वजनाचा प्रश्न सोपा असेल अशी सर्वांचीच समजूत होती. ट्रॉलीवर चढवून धर्मकाट्यावर न्यायचे, भरलेले वजन घ्यायचे, ट्रॅक्टर उतरवून रिकाम्या ट्रॉलीचे घ्यायचे, वजाबाकी करायची. काटा लहान असेल तर पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी तोलून बेरीज केली तरी चालते, फक्त काट्याची फळी आणि अलीकडची-पलीकडची जमीन एका पातळीत हवी. नाहीतर भार पुढच्या आसावरून मागच्यावर सरकतो आणि बेरीज फसते. आकडा आला चौदा क्विंटलांच्या थोडा वर. पुस्तिकांप्रमाणे या जातीचा ट्रॅक्टर ११०० ते १२०० किलोंच्या दरम्यान भरायला हवा. दोनशे-अडीचशे किलो वरचे कुठून आले?

उत्तर चाकांत होते. मागच्या चाकांची पकड वाढावी म्हणून टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरण्याची पद्धत जगभर आहे. थंड देशांत ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. एवढ्या आकाराच्या एकेका चाकात शंभरएक लिटर पाणी सहज मावते. शिवाय पुढे लोखंडाच्या पाट्या बांधलेल्या, मागे ट्रॉली ओढण्यासाठी गावच्या लोहाराने केलेला जाड हूक, आणि सर्वांगावर वाळलेली काळी माती. भंगारवाला काट्यावर हजर होता. तो हसून म्हणाला, "पानी निकालके तोलो, साहब. पानी के पैसे मैं क्यों दूँ?" त्याचे बरोबरच होते. रबराचेही पैसे तो देणार नव्हता. पण वीस वर्षे याच ट्रॅक्टरने नांगरट केलेल्या घरच्या काकांना विचाराल, तर पाण्यावाचूनचा ट्रॅक्टर त्यांच्या दृष्टीने अपुरा होता. त्या पाण्याशिवाय तो काळ्या रानात जागच्या जागी फिरत राहायचा. काट्याने आकडा अगदी धर्माने दिला. तो कशाचा आकडा आहे, हे मात्र काटा सांगत नव्हता. वस्तू कुठे संपते आणि तिच्यावरचे ओझे कुठे सुरू होते, हे आपण अगोदर ठरवायचे आणि मग तोलायचे. बाजारात तराजूची पारडी सारखी करण्यासाठी जो पासंग ठेवतात, त्याच्याविषयीही तोलण्याआधीच एकमत व्हावे लागते.

आपल्या जुन्या दर्शनकारांनी हा गुंता मोठ्या गांभीर्याने सोडवायला घेतला होता, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्याय-वैशेषिकांचे मत असे की अवयव जुळून जो अवयवी होतो, सुतांपासून वस्त्र किंवा कपालांपासून घट, तो अवयवांहून निराळा, खराखुरा पदार्थ आहे. बौद्धांनी त्यावर एक नामी आक्षेप घेतला. वस्त्र जर सुतांहून निराळे असेल तर त्याला स्वतःचे वेगळे गुरुत्व हवे. मग सुते तोलली तेव्हाच्यापेक्षा वस्त्र तोलताना पारडे अधिक खाली का जात नाही? न्यायवार्त्तिककार उद्द्योतकराला हा आक्षेप मनावर घ्यावा लागला, धर्मकीर्तीनेही तो लावून धरला. अवयवीचे जादा वजन इतके सूक्ष्म की तराजूला पकडता येत नाही, अशा धर्तीची उत्तरे नैयायिकांच्या बाजूने दिली गेली. ती मला कधीच पटली नाहीत. आक्षेप मात्र लाखमोलाचा वाटतो. ट्रॅक्टरचा नट न् नट सुटा करून तोलला आणि मग सारे जोडून तोलले तर काटा तोच आकडा दाखवील. 'ट्रॅक्टर'पणाला वजन नाही. भंगारवाल्याची सारी दुनिया या एका सिद्धांतावर चालते, आणि त्याला धर्मकीर्तीचे नाव माहीत असण्याची गरज नाही.

संग्राहकाची दुनिया नेमकी उलट. काट्यावर न दिसणाऱ्या गोष्टीसाठीच तो पैसे मोजतो.

वजनाची गोष्ट सोडण्यापूर्वी या ट्रॅक्टरच्या जनकाविषयी बोलणे भाग आहे, कारण त्याची सारी कीर्तीच वजनाविषयीच्या एका नव्या विचारावर उभी आहे. हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) हा उत्तर आयर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या तरुणपणी ट्रॅक्टर म्हणजे कित्येक टनांचे धूड असे. नांगर ओढायचा तर चाके जमिनीत रुतली पाहिजेत, चाके रुतायची तर यंत्र जड पाहिजे, आणि जड यंत्राने जमीन दडपली की पुन्हा नांगर जड चालणार, असे ते दुष्टचक्र होते. हलका ट्रॅक्टर केला तर नांगर दगडाला अडकताच त्याची पुढची चाके उचलली जात आणि तो चालकावर उलटण्याचे भय असे. फर्ग्युसनने नांगर मागे साखळीने फरफटत नेण्याऐवजी तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला आणि हायड्रॉलिकच्या साहाय्याने त्याची खोली सांभाळली. त्यामुळे नांगराचा आणि त्याला ओढून घेणाऱ्या मातीचा भार मागच्या चाकांवर येऊ लागला. जितके ओढकाम अवघड तितकी चाकांची पकड अधिक, आणि वरच्या दांडीच्या रेट्याने ट्रॅक्टरचे तोंडही जमिनीवर राहू लागले. उभा असताना बारा क्विंटलांच्या आत भरणारे हे यंत्र काम करताना आपल्यापेक्षा जड यंत्रांच्या बरोबरीने ओढू लागले. त्याची ही तीन दांड्यांची जोडणी आज जगातील बहुतेक सर्व ट्रॅक्टरांवर असते. आपल्याकडच्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे पाहिले तर ती दिसेल. उभ्या वस्तूचे वजन आणि कामात असलेल्या वस्तूचे वजन या दोन गोष्टी आहेत, हे त्या माणसाला कळले होते, आणि धर्मकाटा त्यातली पहिली तेवढी जाणतो.

आता नावाकडे.

रंगावरून काही ठरत नव्हते. जगातील निम्म्याअधिक जुन्या ट्रॅक्टरांना कुणी ना कुणी करडा रंग फासलेला असतो. आकारावरून प्रथम दोन घराणी संभवत होती. एक, अमेरिकेत फोर्डने १९३९ पासून केलेला '९एन' आणि त्याचे भाऊबंद; दुसरे, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटार कंपनीने फर्ग्युसनसाठी १९४६ ते १९५६ या काळात केलेला 'टीई-२०'. हे दुसरे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक निघाले. दोन्ही घराणी दुरून जुळ्या भावांसारखी दिसतात, आणि त्याला कारण आहे. १९३८ साली फर्ग्युसनने हेन्री फोर्डला डिअरबॉर्न येथे आपली जोडणी प्रत्यक्ष चालवून दाखवली आणि दोघांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. लेखी काही नाही. यंत्र फोर्डने करायचे, जोडणी फर्ग्युसनची. ट्रॅक्टरच्या तोंडावर वर फोर्डचे नाव आणि खाली 'फर्ग्युसन सिस्टिम' अशी दुसरी पट्टी, अशी एका देहावर दोन नावे सुखाने नांदली. म्हाताऱ्या फोर्डच्या नातवाच्या हाती कारभार आल्यावर तो शब्द मोडला. १९४७ मध्ये फोर्डने फर्ग्युसनला वगळून, त्याच धर्तीचा, '८एन' बाजारात आणला. खटला वर्षानुवर्षे चालला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरांवर मिटला. ज्याला कागद नव्हता त्या शब्दाची ही किंमत. असो.

ओळखीच्या खुणा पुढीलप्रमाणे निघाल्या. फोर्डच्या ९एनला पुढे जाण्याचे तीन गिअर, आमच्याला चार. फोर्डच्या इंजिनाच्या झडपा बाजूला, आमच्याच्या डोक्यावर. शिवाय गिअरचा दांडा एका विशिष्ट जागी नेला की इंजिन सुरू करण्याची सोय, ही टीई-२० ची खास लकब, ती येथे होती. घराणे ठरले, घरच्यांचे 'फर्गूसन' खरे ठरले. पण संग्राहकाला घराणे नको होते, त्याला व्यक्ती हवी होती. टीई या दोन अक्षरांनंतर येणारे तिसरे अक्षर महत्त्वाचे. आरंभीच्या ट्रॅक्टरांना अमेरिकन काँटिनेंटल इंजिन असे, त्यांना तिसरे अक्षर नाही. स्टँडर्डचे पेट्रोल इंजिन आले तेव्हा 'टीईए' झाले. रॉकेलासारख्या स्वस्त तेलावर चालणारा तो 'टीईडी'. १९५१ पासून डिझेलवर चालणारा तो 'टीईएफ'. साल कळते ते पट्टीवरच्या क्रमांकावरून. आणि पट्टी तर नाही.

मोटारगाडीला पट्टी नसली तरी सांगाडा असतो, चासीवर कोरलेला क्रमांक असतो. या ट्रॅक्टरला चासीच नाही. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस यांची ओतीव पेटाडी एकमेकांना बोल्टांनी जोडली, की तोच कणा. क्रमांकाची पट्टी असते समोरच्या पत्र्यावर, तीही स्क्रूने बसवलेली. फोर्डने आपला क्रमांक इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरला होता. तिथे आणखी मौज. इंजिन बदलले की ट्रॅक्टरचा क्रमांकही त्याच्याबरोबर गेला! शिवाय १९४२ नंतर '२एन' नावाने विकलेल्या ट्रॅक्टरांच्या क्रमांकाच्या आरंभीही कारखाना ९एन हीच अक्षरे ठोकत राहिला. कारखान्याची स्वतःची साक्षसुद्धा अशी असते.

थीसियसच्या जहाजाचे उदाहरण आता इतके घासले गेले आहे की ते देताना संकोच वाटतो. फळी फळी बदलत गेलेले जहाज तेच का, हे प्लूटार्कने नोंदवले. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली, की काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? आणि त्याच्या कितीतरी आधी नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा आस, चाके, जू एकेक करून दाखवून यातला रथ कोणता असे विचारले होते. नागसेनाचा निष्कर्ष, की 'रथ' हा व्यवहारापुरता संकेत आहे, मला वर्गात नेहमी समाधानकारक वाटे. खळ्यावर उभे राहून तो पुरेना. समोरचा माणूस त्या संकेतासाठीच पैसे देणार होता, आणि संकेत खोटा निघाला तर ती फसवणूक ठरणार होती. व्यवहारापुरते आहे म्हणून हलके घ्यावे असे ते नव्हते; खोटे बोलणे घडते ते व्यवहारातच.

आमच्या ट्रॅक्टरचे इंजिन स्टँडर्डचे होते. पण त्याच्या आतले काही भाग व्हॅनगार्ड मोटारीचे असावेत, असे जुन्या मिस्त्रींनी पाहताक्षणी सांगितले. अशक्य नव्हते: स्टँडर्डच्या व्हॅनगार्ड मोटारीचे इंजिन याच कुळातले, आणि १९५० च्या दशकात त्या मोटारी मद्रासला जोडल्या जात, तेव्हा सुटे भाग मिळण्याची शक्यता होती. मूळचे पेट्रोल इंजिन पुढे कधीतरी रॉकेलवर चालावे असे बदलून घेतले होते. तेव्हा हा 'टीईए' की 'टीईडी'? जन्माने एक, कर्माने दुसरा. आपल्याकडे परवापरवापर्यंत लग्नानंतर मुलीचे पाळण्यातले नाव बदलत. साठ वर्षे एका नावाने हाक ऐकलेल्या बाईला शाळेच्या दाखल्यावर भलतेच नाव असे, आणि पेन्शनच्या कचेरीत 'ती हीच' म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागे. दोन्ही नावे खरी असत, पण दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून. संग्राहक विचारत होता तो दाखल्यावरचा प्रश्न: कारखान्यातून बाहेर पडताना तू कोण होतास?

इथे पुतण्याने एक उपाय सुचवला, आणि या लेखाचे खरे कारण तोच आहे. जुन्या ट्रॅक्टरांच्या पट्ट्या हुबेहूब नव्या करून मिळतात. त्यावर हवा तो क्रमांक ठोकता येतो. इंजिनावरचा क्रमांक, ओतीव भागांवरचे आकडे आणि आजोबांच्या आठवणी यांवरून साल १९४९ च्या आसपासचे दिसते. मग त्या सालचा, टीईए अक्षरांचा, एक क्रमांक ठोकून पट्टी बसवली तर काय बिघडले? तो म्हणाला, "काका, आपण खोटे काहीच लिहीत नाही. ट्रॅक्टर टीईएच आहे, सालही तेच आहे. हरवलेले परत ठेवतोय फक्त."

हा युक्तिवाद मला सहजी खोडता आला नाही. पट्टीवरचे वाक्य खरे असण्याचा संभव बराच होता. क्रमांकाचे शेवटचे आकडे तेवढे कल्पित, आणि त्यांच्याशी कुणाचे काय अडणार? तो आणखी म्हणाला, की नवा रंग देताना आपण मूळ रंगाची नक्कलच करतो, नवे टायर चढवतो, फाटकी गादी बदलतो. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. मग पितळेच्या एका तुकड्याला एवढे सोवळे कशासाठी?

मला वाटते, फरक आहे तो तुकडा काय करतो यात. रंग झाकतो, टायर चालतो, गादी बसायला देते. पट्टी बोलते. ती कारखान्याच्या वतीने बोलते: हा येथे झाला, या क्रमाने झाला, आम्ही पाहिले. न्यायशास्त्रात शब्दाला प्रमाण मानले ते वाक्य खरे असते म्हणून नव्हे; बोलणारा आप्त असतो, म्हणजे ज्याने स्वतः जाणले आहे आणि जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा असतो, म्हणून. न पाहिलेल्या साक्षीदाराने कोर्टात योगायोगाने खरी हकीकत सांगितली तरी ती खोटी साक्षच. नव्या पट्टीवरचे साल उद्या शंभर टक्के अचूक निघाले, तरी त्या पट्टीने आपण पाहिल्याचा जो आव आणला तो खोटाच राहील. आणि त्याचा तोटा या एका गिऱ्हाइकापुरता नाही. उद्या दुसरा कुणी अशाच बिनपट्टीच्या ट्रॅक्टरचे साल ठरवताना आमच्या पट्टीचा आधार घेईल. आमचा अंदाज त्याच्या हिशेबात पुरावा म्हणून जाईल. धर्मकाट्याच्या वजनात कुणी मातीचा गोळा मिसळावा तसे ते आहे.

नाव आणि माप यांचे हे नाते ट्रॅक्टरच्या इतिहासात एकदा फार स्पष्टपणे समोर आले होते. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरला आणि 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी' काढली; हेन्री फोर्डचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. नाव खरेच होते, कारण कंपनीत फोर्ड होता! खऱ्या शब्दांनी खोटे कसे बोलावे याचा इतका स्वच्छ नमुना विरळा. हेन्री फोर्डला आपला ट्रॅक्टर स्वतःच्या नावाने विकता येईना, म्हणून १९१७ पासून तो 'फोर्डसन' नावाने निघाला. नेब्रास्का राज्यातील विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने त्या मिनिआपोलिसच्या कंपनीचा ट्रॅक्टर घेतला आणि पस्तावला. हा शेतकरी विधिमंडळाचा सभासदही होता. त्याच्या पुढाकाराने १९१९ मध्ये कायदा झाला: राज्यात विकायच्या प्रत्येक मॉडेलची विद्यापीठाने चाचणी घ्यायची आणि ओढशक्ती, इंधन, वजन यांचे निकाल जाहीर करायचे. १९२० पासून त्या चाचण्या सुरू झाल्या, आणि पुढे जगभरच्या शेतकऱ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांच्या वजनाचे विश्वसनीय आकडे आज मिळतात ते या अहवालांमुळेही. नाव फसवू शकते म्हणून माप मागावे, ही क्रोझियरची दृष्टी. ती मला मान्य आहे, पण पुरती नाही. कारण मापालाही, आपण पाहिले, अगोदर काय तोलायचे हे कुणीतरी प्रामाणिकपणे सांगावे लागते.

शेवटी आम्ही एक कागद केला. त्याचे तीन भाग पाडले. पहिल्यात जे दिसते ते: चार गिअर, डोक्यावरच्या झडपा, इंजिनावरचा क्रमांक जसाच्या तसा, पट्टी नाही, पाणी काढून व जादा पाट्या सोडून आलेले वजन. दुसऱ्यात त्यावरून जे अनुमान निघते ते, कारणांसह: बहुधा टीईए, बहुधा १९४९ च्या मागेपुढे. तिसऱ्यात घरच्यांनी सांगितलेले, सांगणाऱ्याच्या नात्यासह. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द; तर्काच्या मास्तराला दुसरे काय सुचणार! पट्टी लावायचीच असेल तर तिच्यावर कारखान्याचा क्रमांक न घालता 'नवीन पट्टी' आणि बसवल्याचे साल घालावे असेही सुचवले. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे: नवा भाग मूळ वस्तूशी मेळ खावा, पण जुना म्हणून खपू नये.

कागद वाचून संग्राहकांनी आपला देकार जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी केला. पुतण्या चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि मुलीच्या फीचा आकडा माहीत असल्याने मला त्याच्यावर रागावता आले नाही. सच्चेपणाची किंमत ज्याने सुचवला त्याला सहसा मोजावी लागत नाही, ही गोष्ट मला टोचत राहिली. ती अजून टोचते.

एक गोष्ट मात्र माझ्या कागदात कुठल्या भागात घालावी हे कळेना. गिअरपेटीच्या बाजूला, मातीचा थर खरवडल्यावर, छिन्नीने खोदलेली देवनागरी अक्षरे निघाली: 'सं. २०२९', आणि त्याखाली एक लहानसा त्रिशूळ. विक्रम संवत २०२९ म्हणजे १९७२-७३. कुणा मिस्त्रीने पेटी उघडून आतले दात बदलले आणि आपले साल नोंदवले. नाव नोंदवले नाही. संग्राहकांचे म्हणणे, ट्रॅक्टर मूळ रूपात आणायचा तर ते खोदकाम पुट्टीने बुजवावे लागेल. तसेच लोहाराचा हूक, रॉकेलची सोय, पुढच्या पाट्या, सारे काढावे लागेल. म्हणजे कॉव्हेंट्रीतला एक दिवस परत मिळवण्यासाठी माळव्यातली पन्नासहून अधिक वर्षे पुसायची. त्यांच्या दृष्टीने ते पासंगासारखे, खऱ्या वजनात न धरायचे. पण साऱ्या यंत्रावर ज्याने स्वतःच्या हाताने केलेल्या कामाची स्वतःच्या हाताने, खऱ्या सालासह, नोंद ठेवली असा साक्षीदार तो एकच होता. आप्ताच्या व्याख्येत तो कारखान्याच्या पट्टीइतकाच बसतो. मी ती नोंद पहिल्या भागात, इंजिनाच्या क्रमांकाच्या खालच्या ओळीत, त्रिशूळासकट उतरवून ठेवली आहे. पुट्टीचा निर्णय घेणाराने ती ओळ वाचून घ्यावा.